वाचलं, पण कळलं का? शालेय मुलांच्या वाचन-आकलनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि क्वचित मुलंही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले दोन सगळ्यांनी वाचावेत, पुढचे आपापल्या अडचणीप्रमाणे. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक आला तर तिकडे जाऊन पाहा. तेच ते पुन्हा लिहिणं टाळलं आहे.

१. मुलगी धडा घडाघडा वाचते, पण काय वाचलंस म्हटलं की गप्प. असं कसं?

घडाघडा वाचणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उच्चारता येणं. त्या शब्दांचा अर्थ लावणं हे दुसरं काम, आणि ते आपोआप होत नाही. देवनागरीत ही फसगत जास्त होते. अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंचसं सरळ असल्यामुळे बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झाली की मूल कधीही न ऐकलेला शब्दसुद्धा ठणठणीत वाचतं. 'प्रत्युत्पन्नमती' हा शब्द चौथीतलं मूल न अडखळता वाचून दाखवेल. अर्थ विचारून बघा.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये याचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू पूर्ण असली आणि दुसरी शून्य असली तरी उत्तर शून्यच येतं. तुमच्या मुलीची पहिली बाजू भक्कम आहे, दुसरीकडे पाहायला हवं.

२. नेमकं कुठे अडतंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तिने न पाहिलेले, साधारण सारख्याच अवघडपणाचे दोन लहान उतारे घ्या. एक तिला वाचू द्या, दुसरा तुम्ही वाचून दाखवा. दोन्हींवर चार-पाच साधे प्रश्न तोंडी विचारा.

ऐकलेलं समजलं आणि वाचलेलं समजलं नाही, तर अडचण अक्षरवाचनाची किंवा ओघाची आहे. शब्द लावण्यातच सगळी शक्ती जाते, अर्थासाठी काही उरत नाही. अशा मुलाला 'मुख्य कल्पना शोध' वगैरे शिकवत बसू नका. तोच लहान परिच्छेद तीन-चार वेळा मोठ्याने वाचून घ्या, ओघ आला की पुढचा. (आणि प्रश्न १९ पाहा.)

ऐकलेलंही समजलं नाही, तर प्रश्न वाक्यांचा, शब्दांचा किंवा विषयाच्या माहितीचा आहे. त्यासाठी प्रश्न ५, ६ आणि ७. दोन्ही समजलं, तोंडी उत्तरंही आली, पण लेखी परीक्षेत गुण जातात, तर प्रश्न ९ आणि १०.

एका उताऱ्यावरून निष्कर्ष काढू नका. आठवडाभरात दोन-तीनदा करून पाहा, एखाद्या दिवशी मूल नुसतं कंटाळलेलंही असतं.

३. आकलनाच्या 'स्ट्रॅटेजी' म्हणजे नक्की काय? रोज किती वेळ शिकवाव्यात?

सराईत वाचक नकळत जे करतो, ते नवख्याने मुद्दाम करून पाहायचं, एवढंच. शीर्षक आणि चित्रं पाहून अंदाज बांधणं, वाचताना स्वतःला प्रश्न विचारणं, अडलं की मागे जाणं, वर्णन डोळ्यांपुढे आणणं, मध्येच थांबून आतापर्यंतचं थोडक्यात सांगणं. यादी लांबवता येते, पण खरा ऐवज इतकाच.

'रोज किती' याचं माझं उत्तर अनेकांना आवडत नाही. या युक्त्या काही आठवड्यांत शिकवून होतात. वर्षभर 'आज अंदाज बांधण्याचा तास, उद्या प्रश्न विचारण्याचा तास' चालवण्यात अर्थ नाही. पोहायला शिकवताना हात कसा मारायचा ते काठावर दाखवतात, पण उरलेला काळ पाण्यातच जावा लागतो. तो वेळ भरपूर आणि नाना विषयांचं वाचण्यात घालवा.

पाठ्यपुस्तकातल्या लांबलचक धड्यांसाठी फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४०च्या दशकात सुचवलेली पाच पायऱ्यांची पद्धत अजूनही कामाची आहे: वरवर पाहणी, मथळ्यांचे प्रश्न करणं, वाचन, न पाहता आठवणं, उजळणी. पानभराच्या गोष्टीसाठी मात्र हा थाट नको, गोष्टीची मजा जाते.

४. आपल्याला समजलेलं नाही हेच मुलाला कळत नाही. 'समजलं का?' म्हटलं की 'हो'. काय करू?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो.

मूल खोटं बोलत नसतं. एलेन मार्कमन यांनी १९७९ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना काही छोटे परिच्छेद ऐकवले. एकात म्हटलं होतं की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि पुढे म्हटलं होतं की तिथले मासे आपलं अन्न रंगावरून ओळखतात. उजेड नाही तर रंग दिसणार कसा? बऱ्याच मुलांना त्यात काही खटकलंच नाही. प्रत्येक वाक्य सुटं समजलं की 'समजलं' असं त्यांना वाटतं. वाक्यं एकमेकांशी जुळतात का, हे तपासायचं असतं हेच ठाऊक नसतं.

म्हणून 'समजलं का?' विचारणं सोडा. त्याऐवजी मुद्दाम चूक पेरलेले परिच्छेद द्या आणि आधीच सांगा, 'यात एक गडबड आहे, पकड.' तुम्ही स्वतः चार ओळी लिहू शकता: सहलीला निघताना सगळे सहा जण गाडीत बसले, आणि परिच्छेदाच्या शेवटी घरी थांबलेल्या धाकट्याने गाडीतून हात हलवला. मुलांना हा खेळ फार आवडतो, थोड्याच दिवसांत ती तुमच्यासाठी चुका पेरायला लागतात.

दुसरं, पेन्सिलीने समासात दोन खुणा करायला लावा: कळलं तिथे बरोबरची, अडलं तिथे प्रश्नचिन्ह. पानावर एकही प्रश्नचिन्ह नसेल तर खुश होऊ नका. त्यातलं एखादं वाक्य 'तुझ्या शब्दांत सांग' म्हणा.

५. शब्द ओळखीचे असतात, पण लांब वाक्य आलं की सगळं सुटतं.

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं. तोवरचे सगळे तुकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात, आणि लहान वाचकाची ओंजळ तेवढी मोठी नसते. पाठ्यपुस्तकी वाक्याचा हा नमुना पाहा:

'हवेतील बाष्प थंड पृष्ठभागाच्या संपर्कात येऊन त्याचे सूक्ष्म थेंबांत रूपांतर झाल्यामुळे पेल्याच्या बाहेरील बाजूस ओलावा दिसतो.'

शेवटून सुरुवात करा. दिसतो. काय दिसतो? ओलावा. कुठे? पेल्याच्या बाहेर. कशामुळे? कशाचे तरी थेंब झाल्यामुळे. कशाचे? 'त्याचे', म्हणजे बाष्पाचे. चार प्रश्नांत वाक्य उलगडलं. आता मुलाला तेच तीन लहान वाक्यांत सांगू द्या. आठवड्याला अशी चार वाक्यं पुरतात.

सर्वनामांवरही नीट नजर ठेवा. मराठीत लिंग मदतीला येतं. 'पुस्तक पेटीत मावलं नाही, कारण ती लहान होती' इथे 'ती' म्हणजे पेटी. 'कारण ते मोठं होतं' म्हटलं की 'ते' म्हणजे पुस्तक. पण 'सुमित्राने बहिणीला सांगितलं की ती उद्या येणार नाही' इथे व्याकरण हात वर करतं, मागचापुढचा मजकूरच पाहावा लागतो.

आणि जोडणारे शब्द: मात्र, तरीही, अन्यथा, याउलट, वगळता. मुलं यांच्यावरून सरळ घसरत जातात. 'शिवाय' तर खास लबाड. 'पाण्याशिवाय' म्हणजे पाणी नसताना, आणि वाक्याच्या सुरुवातीला आलेलं 'शिवाय' म्हणजे आणखी भर.

६. अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहू द्यावा का?

प्रत्येक नको. दर ओळीला थांबलं तर धागा तुटतो. आधी वाक्य संपेपर्यंत पुढे जाऊ द्या, मग अंदाज, मग शब्दाची फोड. शब्द पुन्हा पुन्हा येत असेल किंवा त्याच्यावाचून वाक्यच अडत असेल तर शब्दकोश.

'संदर्भावरून अर्थ लाव' हा सल्ला मात्र जितका दिला जातो तितका भरवशाचा नाही. 'तो कमालीचा मितभाषी होता, त्यामुळे सभेत सगळे त्याच्याकडे पाहत राहिले.' नुसत्या संदर्भावरून मूल म्हणेल, हा फर्डा वक्ता असणार! मित म्हणजे मोजकं हे ठाऊक असेल तरच अर्थ बरोबर लागतो. म्हणून फोड शिकवा. अ + पार + दर्शक. बाष्पीभवन म्हणजे वाफ होणं, हे एकदा उमगलं की घनीभवन आणि द्रवीभवन फुकटात मिळतात. संस्कृतातून आलेल्या शास्त्रीय शब्दांचा हा फायदा आपण फार कमी घेतो.

७. आवडीच्या विषयावरचं सगळं समजतं, इतर उतारे मात्र नाहीत. आळस म्हणायचा का?

नाही, माहितीचा फरक. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं ही वाचनात हुशार पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. जाणकार मुलगा वर्णनात न लिहिलेल्या जागा स्वतः भरतो, अजाण मुलाला प्रत्येक ओळ कोडं असते.

नुसती माहिती असून भागत नाही, ती वेळेवर आठवावीही लागते. जॉन ब्रॅन्सफोर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याचं वर्णन मुद्दाम इतकं मोघम लिहिलं की ते कशाबद्दल आहे हे कळूच नये. विषय आधी सांगितला तर लोकांना ते समजलं आणि लक्षात राहिलं. वाचून झाल्यावर सांगितला तर उपयोग झाला नाही. तेव्हा उतारा उघडण्याआधी दोन मिनिटं 'याबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे?' एवढं बोलून घ्या. दूरचा उपाय म्हणजे विज्ञान, इतिहास, भूगोल नीट शिकवणं. ते तास कापून 'आकलनाचा सराव' वाढवणं हा उलटा व्यवहार आहे.

८. मोठ्याने वाचावं की मनात? वाचताना ओठ हलतात, बोट फिरतं. मोडायची का सवय?

सुरुवातीच्या इयत्तांत मोठ्याने, ओघ आला की मनात. ओठ हलणं पुढे आपोआप कमी होतं. मनातल्या मनात आवाज येणं तर मोठ्यांनाही येतं, त्यात दोष नाही. बोट राहू द्या. ओळ चुकत असेल तर कागदाची पट्टी द्या.

९. परीक्षेत आधी प्रश्न वाचावेत की उतारा?

वेळ कमी असेल तर प्रश्नांवरून एक नजर फिरवायला हरकत नाही. पण उतारा न वाचता प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ते वाक्य उतरवायचं, ही सवय घातक. सोप्या प्रश्नांना ती साथ देते, म्हणून मुलं तिच्यावर विसंबतात. मग 'लेखकाला असं का वाटलं?' आलं की हात रिकामे. घरच्या सरावात तरी आधी उतारा, पूर्ण.

प्रश्नातली क्रियापदं अधोरेखित करायला सांगा: कारणे द्या, फरक सांगा, क्रम लावा. आणि 'नसलेला', 'अयोग्य', 'वगळून' या शब्दांभोवती गोल. समजूनही गुण गेल्याच्या कितीतरी तक्रारी या तीन शब्दांपाशी येऊन थांबतात.

१०. उत्तर उताऱ्यात कुठेच नाही असे प्रश्न येतात. ते कसे सोडवायचे?

टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात मुलांसाठी एक सुटसुटीत वर्गवारी केली. उत्तर चार जागी असू शकतं: एकाच वाक्यात, दोन-तीन वाक्यांत विखुरलेलं, लेखकाने दिलेल्या खुणा आणि तुझी माहिती मिळून, किंवा निव्वळ तुझ्या मनात. मुलाने आधी फक्त जागा ओळखायची, उत्तर नंतर. निम्मी भीती तिथेच जाते.

तिसरा प्रकार म्हणजे अनुमान. 'रेखाने खिडकीबाहेर पाहिलं, छत्री परत कोपऱ्यात ठेवली आणि चपला घातल्या.' पाऊस हा शब्द कुठेही नाही, तरी पाऊस थांबला आणि ती बाहेर निघाली हे कळतं. 'पाऊस पडेलसं वाटत होतं, पण आभाळ निवळलं' हेही चालेल, कारण छत्री दोन्हीला दुजोरा देते. 'रेखा शाळेत निघाली' हे मात्र चालणार नाही, त्याला पुरावा नाही. म्हणून प्रत्येक अनुमानामागे एकच सवाल: कशावरून? शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे.

कल्पक मुलांची अडचण उलटी असते. ती उताऱ्यापेक्षा स्वतःच्याच गोष्टीत रमतात आणि उत्तर भलतीकडे नेतात. त्यांनाही हाच सवाल लागू पडतो.

११. सारांश लिही म्हटलं की उतारा जसाच्या तसा उतरवतो.

उतारा समोर ठेवू नका. वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि आधी तोंडी सांगायचं. समोर नसेल तर उतरवणार काय?

मग अ‍ॅन ब्राऊन आणि जीन डे यांनी १९८३ मध्ये तपासलेले नियम: बिनमहत्त्वाचं आणि पुनरुक्त गाळा, 'हातोडा, करवत, पाना' ऐवजी 'अवजारं' म्हणा, मुद्द्याचं वाक्य निवडा, ते उताऱ्यात नसेल तर स्वतः तयार करा. गाळणं लहानांनाही जमतं, स्वतः वाक्य तयार करणं मोठ्या विद्यार्थ्यांनाही जड जातं. पाचवीतल्या मुलाकडून ते लगेच मागू नका.

१२. चार-चार वेळा वाचतो, हायलाइटरने पान पिवळं करतो, तरी आठवड्याने आठवत नाही.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या १० पद्धतींचा आढावा घेतला. रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं या सर्वांत वर. रॉडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगातली गंमत अशी की पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा न पाहता आठवून लिहिणारे पुढे. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो.

हायलाइटर हिसकावून घेऊ नका. पूर्ण परिच्छेद वाचून झाल्यावर, एका परिच्छेदात एकच ओळ, एवढा नियम घाला.

१३. माझ्या वर्गात ४० मुलं आहेत. एकेकाकडे कुठे लक्ष देऊ?

चौघाचौघांचे गट करा. अ‍ॅनमेरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राऊन यांनी १९८४ मध्ये सातवीच्या, वाचता येणाऱ्या पण आकलनात मागे असलेल्या मुलांवर ही पद्धत वापरली. प्रत्येक परिच्छेदानंतर एकाने सारांश सांगायचा, एकाने प्रश्न विचारायचा, एकाने अवघड जागा उलगडायची, एकाने पुढचा अंदाज बांधायचा. परिच्छेद बदलला की कामं बदलतात. सुरुवातीचे बरेच दिवस शिक्षकाने चारही कामं करून दाखवायला हवीत. हे गाळलं तर गटात नुसता गोंगाट होतो, आणि मग पद्धतीला दोष दिला जातो.

१४. गणितं येतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की चुकतं.

'रमेशकडे १२ गोट्या आहेत. त्या सुरेशकडच्या गोट्यांपेक्षा ५ने जास्त आहेत. तर सुरेशकडे किती?' मूल 'जास्त' पाहतं आणि १७ लिहितं. कुणीतरी त्याला शिकवलेलं असतं की 'जास्त' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी. ही खुणांची यादी फाडून टाका. आकडे झाकून उदाहरण वाचायला लावा, कुणाकडे जास्त आहेत हे चित्राने दाखवू द्या, मग आकडे उघडा. उत्तर ७.

१५. वेगवाचनाचा कोर्स लावावा का?

नको. डोळा एका वेळी फारच लहान भाग स्पष्ट पाहतो. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये घेतलेल्या आढाव्याचा निष्कर्ष सरळ आहे: वेग फार वाढवला की समज घटते. शब्दसंपदा आणि सराव वाढला की वेग आपसूक येतो. चाळणं हे वेगळं कौशल्य आहे, ते एखादी तारीख शोधायला वापरावं.

१६. स्क्रीनवर वाचलेलं कमी समजतं हे खरं का?

थोडंफार. २०१८ मध्ये डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले. माहितीपर मजकुरात आणि वेळेचं बंधन असताना कागद पुढे होता, निव्वळ कथांमध्ये फरक दिसला नाही. गोष्टी कशावरही वाचू द्या, अभ्यासाचा धडा शक्यतो कागदावर.

१७. घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. कुठून सुरुवात करू?

दोन्ही चालू ठेवा. घरच्या भाषेत कमावलेली माहिती वाया जात नाही, विषय ठाऊक असला की नव्या भाषेत फक्त शब्द शोधायचे उरतात. धड्याचा विषय आधी घरच्या भाषेत बोलून घ्या, मग वाचा.

अनोळखी शब्द किती चालतात? दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्यांवरच्या हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असले तर मदतीविना नीट समजायचं. ८० टक्क्यांवर कुणालाच पुरेसं समजलं नाही. म्हणजे शंभर शब्दांत वीस नवे असतील, तर तो उतारा मुलासमोर एकट्याने ठेवण्याजोगा नाही, सोबत बसून वाचण्याचा आहे.

१८. मी वाचून दाखवते किंवा ऑडिओ लावते. ही पळवाट तर नाही ना?

भाषेची समज वाढवायला ती उत्तम, मोठ्या मुलांनाही. अक्षरवाचन त्याने सुधारत नाही, त्याचा सराव वेगळा (प्रश्न २).

१९. तज्ज्ञाकडे केव्हा न्यावं?

नियमित शिकवूनही अक्षरवाचन वर्गाच्या खूप मागे राहत असेल, जोडाक्षरांपाशी दरवेळी अडत असेल, किंवा साध्या तोंडी सूचनाही कळत नसतील तर थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासा, मग वाचन-अक्षमतेची तपासणी. अक्षरं उलटी लिहिणं एवढंच पाहून डिस्लेक्सियाचा शिक्का मारू नका, लहान वयात पुष्कळ मुलं तसं लिहितात.

२०. धडा मलाच समजत नाही. मुलाला काय शिकवणार?

हा प्रश्न लोक सगळ्यांत शेवटी, जरा दबकत विचारतात. खरं तर तुम्ही फार सोयीच्या जागी आहात. समजलेला माणूस थेट उत्तर सांगून मोकळा होतो, अडल्यावर काय करायचं हे मुलाला दिसतच नाही. तुम्ही मोठ्याने म्हणा, 'हे वाक्य मला कळलं नाही. थांब, मागची ओळ पुन्हा वाचतो. हा "त्यामुळे" कशामुळे?' चुकीचा अंदाज बांधलात तर तोही मुलासमोर खोडा. पंधरा मिनिटं झगडूनही नाहीच सुटलं, तर प्रश्न वहीत लिहा आणि उद्या शिक्षकांना विचारायला मुलालाच पाठवा.